मोहरी तडतडायच्या आत

भाच्याचं घर होत आलंय. स्लॅब पडला, आतला गिलावा झाला, फरशीवाला आज येतो उद्या येतो म्हणून झुलवतोय. घर असं अर्धवट राहिलं की माणसाला बागेचं सुचतं, कारण बाकीचं काहीच आपल्या हातात नसतं. त्याने मला मोबाइलवर फोटो पाठवले. लाकडाच्या चौकोनी पेट्या, पेट्यांमध्ये कोबीची निळसर गड्डी, मधल्या वाटेवर पांढरेशुभ्र गोटे, कोपऱ्यात जांभळ्या फुलांचे झुबके. खाली त्याने लिहिलं होतं, ‘आत्या, घराच्या मागं असलं काहीतरी करायचंय. भाजी पण निघाली पाहिजे आणि दिसायला पण भारी पाहिजे. तू येऊन सांग.’

मी त्याला उलट विचारलं, ‘तुझ्याकडे नळ किती दिवसाआड येतो?’

त्याला वाटलं मी टाळतेय. पण लातूरच्या माणसाने बागेबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ ला पहाटे आमच्या गावात आली, दहा टँकरमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात ज्यांनी घागरी रांगेत लावल्या त्यांना लॉन या शब्दाचंच हसू येतं. त्या वर्षी गल्लीतल्या हौसेच्या बागा एप्रिल संपायच्या आत वाळल्या. कुंड्यांतले गुलाब गेले, गवत गेलं. टिकलं काय, तर मोरीच्या तोंडाशी असलेलं अळू, कोणी लक्ष न दिलेला कढीपत्ता, शेवगा आणि कोरफड. गवती चहा वाळून पिवळा झाला आणि जूनमध्ये बुडातून पुन्हा फुटला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: जागा किती मोकळी आहे यावरून इथे बाग आखायची नसते. मे महिन्यात आपल्या घरातून रोज किती पाणी सांडतं, त्यावरून आखायची.

हिशेब फार अवघड नाही. चार माणसांच्या घरात तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं आणि भांडी विसळलेलं पाणी मिळून रोज चाळीसेक लिटर तरी निघतं. आच्छादन घातलेल्या आणि दुपारनंतर सावली असलेल्या एका चौरस मीटर वाफ्याला भर उन्हाळ्यात सहा लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे चाळीस लिटरमध्ये साडेसहा-सात चौरस मीटर जागा जगते. फुटात सांगायचं तर चार बाय सहाचे तीन वाफे, एकूण ७२ चौरस फूट. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं. भाच्याचा चेहरा पडला, कारण त्याच्या मागच्या बाजूला सहज पाचशे फूट जागा आहे. पण ते पाचशे फूट जून ते जानेवारी हिरवे आणि फेब्रुवारीपासून उजाड ठेवायचे, की ७२ फूट बाराही महिने भरलेले ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे. उरलेल्या जागेत झाडं लाव. झाडांना दोन वर्षं सांभाळलं की ती आपलं आपण बघतात.

मग मी जाऊन ती जागा बघितली. घर पूर्वेच्या बाजूने लांब, स्वयंपाकघर वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून आग्नेयेला, आणि त्याचं दार पूर्वेच्या पट्ट्यात उघडणारं. हा पट्टा दहा फूट रुंद. तो भाच्याने गाडी धुवायला आणि जुनं सामान ठेवायला सोडलाय. बाग मात्र मागे, म्हणजे उत्तरेला. तिकडे जायला स्वयंपाकघरातून निघून वॉशिंग मशीनला वळसा घालून, दुसऱ्या दाराची कडी काढून जावं लागणार. मी सूनबाईला विचारलं, “कढईत मोहरी टाकलीस आणि कढीपत्ता नाही असं लक्षात आलं, तर तिकडं जाऊन येशील?” ती म्हणाली, “आत्या, तोवर मोहरी जळून जाईल की.”

माझं परसबागेचं माप हेच आहे. मोहरी तडतडायच्या आत कढीपत्ता तोडून परत येता आलं पाहिजे. त्या पल्ल्याच्या बाहेर जे लावाल ते हळूहळू विसरलं जातं. दुधी जून होतो, भेंडी काठी होते, मेथीला फुलं येतात, आणि मग शनिवारी बाजारातून तीच भाजी आणली जाते. याला आळस म्हणायचं कारण नाही. हात पिठात असलेली बाई दोन दारं ओलांडून कोथिंबीर आणायला जात नाही, एवढंच. भाजी रोज नजरेला पडली तर खुडली जाते, खुडली तर पुन्हा फुटते, आणि पानामागचा मावाही पहिल्याच दिवशी दिसतो.

उत्तरेची बाजू मोडीत काढायला दुसरंही कारण होतं, ते उन्हाचं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की आपल्या भागात दहा फूट उंच भिंतीची दुपारी बाराची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. गच्चीचा कठडा धरून घर तेरा फूट भरलं, तर सावली साडेअकरा फुटांवर जाते. म्हणजे मेथी, पालक, चुका, लसणाची पात, या ज्यांचा हंगाम थंडीचा, त्यांना भर थंडीत ऊन नाही. आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा सावली हवी असताना तिथं रणरणतं ऊन. पूर्वेला याच्या बरोबर उलटं होतं. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी एक-दीड वाजला की घर स्वतः सावली धरतं. मराठवाड्यात पूर्वेची जागा गाडीला देऊन टाकणं म्हणजे सरळ सरळ उधळपट्टी आहे.

भाच्याला हे बोलून पटेना, तेव्हा आम्ही विटांचे तुकडे घेतले. सकाळी नऊला, बाराला आणि तीनला सावलीची कड जिथं होती तिथं विटा मांडल्या. शेजारच्या काकू कंपाउंडवरून बघत होत्या. “काय करलालीस गं उन्हात? भूमिपूजन झालं न्हवं मागंच?” संध्याकाळपर्यंत जमिनीवर विटांच्या तीन वेड्यावाकड्या रांगा तयार झाल्या आणि गाडीची जागा उत्तरेला गेली. गाडीला थंडीतली सावली चालते, त्यामुळे तिचंही काही बिघडलं नाही.

आता जमीन. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतात उभं राहिलं तर भेगेत अख्खा हात जातो. ही माती घराच्या जोत्याला लागून रोज भिजवली की जोत्याखाली एका बाजूला फुगवटा आणि दुसऱ्या बाजूला पोकळी, आणि मग भिंतीला तिरकी चीर. म्हणून वाफा भिंतीपासून तीन फूट तरी लांब ठेवायचा. मधल्या तीन फुटांत बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन शहाबादी फरशी टाकली, तर तीच आपली येण्याजाण्याची वाट होते. दोन वाफ्यांच्या मधे दीड फुटाच्या वाटेवर मुरूम पुरतो. पांढरे गोटे मी हाणूनच पाडले. आपल्या मातीत ते पहिल्या पावसात काळे होतात, आणि एरवी त्यांच्यावरून ऊन परतून पानांच्या खालच्या बाजूला भाजतं.

वाफ्याची रुंदी चार फुटांच्या वर नको. दोन्ही बाजूंनी हात घातला तर मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायची वेळ येऊ नये. काळी माती एकदा ओली असताना तुडवली की तिची वीट होते. उंची वीतभर. जुलैत झड लागली की सपाट वाफ्यात पाणी साचून मिरचीची मुळं कुजतात, वीतभर उंचीने ते टळतं. बचत गटाच्या बायका हल्ली गोल परसबागा करतात, मधे खत कुजवायचा खड्डा आणि भोवती सात दिवसांचे सात वाफे. मोकळ्या गावठाणात ती फार छान दिसते, वरून फोटो काढला तर विचारायलाच नको. दहा फुटी पट्ट्यात मात्र गोलाचा हट्ट धरू नये.

माती मोकळी करायला लोक वाळू मिसळतात. थोडीशी वाळू काळ्या मातीत गेली की ती आणखी घट्ट बसते. तिला हवं असतं शेणखत, भरपूर, आणि पूर्ण कुजलेलं. ओलं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवी दोन्ही जेवायला येतात. वरून आच्छादन म्हणून आपल्याकडे सोयाबीनचं भुसकट असतं, उसाचं पाचट असतं. नोव्हेंबरात कुणाच्याही शेतातून दोन पोती भुसकट मिळतं. त्याचा तीन बोटं थर दिला की पाणी निम्म्याने वाचल्यासारखं वाटतं आणि एक रिकामा वाफासुद्धा नीटनेटका दिसतो. बाग कुरूप दिसते ती उघड्या, भेगाळलेल्या मातीमुळे. झाकलेली माती कधी वाईट दिसत नाही.

दारापासून क्रम लावायचा तो हाताच्या घाईप्रमाणे. पहिल्या वाफ्यात दर स्वयंपाकाला लागणारं: कोथिंबीर, मिरचीची चार रोपं, लसूण आणि कांद्याची पात. पुदिना त्याच्या शेजारी, पण कुंडीत. जमिनीत सोडला तर तो वर्षभरात वाफा खातो. धने पेरताना चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन पाकळ्या करायच्या, अख्खे टाकले तर उगवण विरळ होते. मार्चनंतर कोथिंबीर लगेच फुलावर जाते, तिला तेव्हा मिरचीच्या सावलीला ढकलायचं. दुसऱ्या वाफ्यात पालेभाज्या. थंडीत मेथी, पालक, शेपू, चुका, आणि करडईचा कोवळा पाला. करडईची भाजी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून कळत नाही, वाढावीच लागते. पावसाळ्यात अंबाडी, उन्हाळ्यात तांदुळजा आणि घोळ. तिसऱ्यात फळभाजी: वांगी, गवार, भेंडी, दिवाळीनंतर टोमॅटो. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोचा नाद सोडायचा. पारा पस्तिशीच्या बराच वर गेला की त्याची फुलं नुसती गळतात, पाणी कितीही घाला. भेंडी आणि गवार मात्र त्याच उन्हात हसत उभ्या असतात.

भेंडीबद्दल जरा थांबून सांगते, कारण ‘दिसायला भारी’ या मागणीचं उत्तर माझ्या मते इथंच आहे. सकाळी सात वाजता भेंडीच्या झाडाशी उभं राहून बघा. पिवळट रेशमी पाकळ्या, इतक्या पातळ की मागून ऊन आलं तर शिरा मोजता येतात. आत खोल गर्द तांबडा डोळा, त्यातून वर आलेला परागांचा खांब, आणि त्यावर हमखास एखादी मुंगी. दुपारपर्यंत फूल मिटतं. दुसऱ्या दिवशी ते सुकून गळतं किंवा ओल्या कागदासारखं टोकाला चिकटून राहतं, आणि त्याच्या खाली करंगळीच्या नखाएवढी लवदार भेंडी दिसते. पाच-सहा दिवसांत ती तोडायला येते. एक दिवस उशीर केला तर सुरीला दाद देत नाही. अंबाडीचं फूल याच घराण्यातलं, तसंच फिकट आणि तसाच लाल डोळा. वालाचे जांभळे तुरे, शेपूच्या पिवळ्या छत्र्या, वांग्याची खाली मान घातलेली फुलं, करडईचं केशरी काटेरी बोंड. कोपऱ्यात फुलं म्हणून वेगळी काय लावायची? एक झेंडू तेवढा मी कडेने लावायला सांगते, कारण दसऱ्याला तो विकत घ्यायला जिवावर येतं, आणि त्याच्या मुळांनी जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आळा बसतो.

भेंडीचं बी कोणतं, असं सूनबाईने विचारलं. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ नावाचं वाण दिलं. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा जो केवडा रोग आहे, त्याला ते बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवाय ते संकरित नाही, त्यामुळे दोन-चार भेंड्या झाडावर वाळवून पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं. जवळपास दुसरी भेंडी नसली म्हणजे झालं, नाहीतर मधमाश्या भेसळ करतात.

पूर्वेच्या कंपाउंडला लागून उरलेल्या तीन फुटांत वेल. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आळी घालायची आपल्याकडची जुनी रीत आहे, ती पाळायला हरकत नाही. आळं तेव्हा खणून, उन्हात तापवून, खत भरून ठेवलं तर मृगाच्या पहिल्या पावसाला दोडका, कारलं, दुधी टाकायला तयार असतं. मांडवाला महागाचं काही नको. जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची रास झाली की तुराट्यांचा खच पडतो, त्यांची ताटी बांधली तर एक-दोन वर्षं जाते आणि मातीच्या रंगाची असल्यामुळे डोळ्यांना खुपत नाही. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मात्र घराजवळ आणू नका. गुलाबी बोंडअळी त्यांच्यात दडून राहते आणि शेजारच्या शेतकऱ्याचे शिव्याशाप लागतात. मांडवाची उंची घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यावर हातभर. दोडके लोंबायला लागले की ती जागा फार देखणी होते, पण कपाळावर दोडका आपटला की देखणेपण जातं.

झाडं पश्चिमेला. लिंबू, सीताफळ, आणि सगळ्यात कडेला शेवगा. दारात शेवगा लावू नये असं जुनी माणसं सांगायची. त्यामागचा शकुन-अपशकुन सोडून द्या, पण शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, वळवाच्या वाऱ्याने फांदी कधीही पडते, आणि पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. झोपायच्या खोलीच्या खिडकीशी हे कोणाला हवंय? शेंगा तोडायला आठवड्यातून एकदाच जायचं असतं, लांब असला तरी चालतो. कढीपत्ता मात्र दाराशीच, भिंत सोडून पाच फुटांवर, आणि छातीच्या वर गेला की शेंडा मारून झुडूप करून ठेवायचा. तो बुडातून पिलावळ फार काढतो, ती उपटून पाहुण्यांना वाटावी.

दोन गोष्टींवर भाचा अडून बसला होता. एक लॉन, त्यावर मी बोललेच नाही. दुसरी म्हणजे मधोमध पाण्याचं छोटं कारंजं आणि चार बाजूंना चार वाफे, ‘मकबऱ्यासारखं’. बीबी का मकबऱ्याची बाग खरंच सुंदर आहे, मधल्या हौदांची ओळ तर आहेच आहे. पण त्या शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर आणून दिली होती. त्याने डोंगराच्या पोटातलं पाणी आधी हेरलं. आपण फक्त कारंजाचा फोटो हेरतो.

पाण्याचा विचार जुन्या घरांत बागेच्या आधी झालेला असायचा. औसा-निलंग्याकडच्या वाड्यांत न्हाणी मागच्या अंगाला, तिचा दगडी पन्हळ भिंतीतून बाहेर, आणि जिथं पाणी पडायचं तिथं अळू, कर्दळ, केळीचा एखादा खुंट. कुणी आखलेली बाग नव्हती ती, पण मे महिन्यात सुद्धा तिथं गार वाटायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर नवी गावं वसली. रुंद रस्ते, आखीव प्लॉट, घराभोवती मोकळी जागा. मी पाहिलेल्या अशा काही घरांत जागा वाड्याच्या चौपट होती आणि पाणी मात्र गटारात चाललं होतं. ते पाणी वळवणाऱ्यांच्या अंगणात आज पपई आणि केळी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले, ते काम चांगलंच झालं. मी फक्त म्हणते, शोषखड्ड्यात जायच्या आधी त्या पाण्याने वाफ्याला भेटून जावं.

सगळं पाणी सारखं नसतं. तांदळाचं, डाळीचं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून सरळ पालेभाजीला आणि कोथिंबिरीला. ते रोजच्या रोज वापरायचं, एक रात्र राहिलं तरी आंबूस वास मारतं. भांड्यांचं पाणी फळभाजीला, वेलांना आणि झाडांना, पण आधी एका छोट्या चेंबरमधून: वर जाळी, खाली विटांचे तुकडे, मग खडी, मग वाळू. जाळीवर साठलेला तेलकट गाळ पंधरा दिवसांनी काढून टाकायचा. ठिबकला हे पाणी जोडू नये, त्याची छिद्रं आठवड्यात बुजतात. भुसकटाखालच्या चरीत सोडलेलं बरं. अंघोळीचं पाणी केळी-कर्दळीला. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र बागेत नकोच. पावडरीतला सोडियम काळ्या मातीत साठला की ती चोपण होते, पाणी वरच राहतं, खाली जात नाही. फिल्टर मशीनच्या बाजूच्या नळीतून येणारं पाणी पण तसलंच, बोअरमधले सगळे क्षार त्यात गोळा झालेले. त्याने फरशी पुसा.

बोअरचं पाणी फुकट आहे असं समजून ते वाफ्याला चालू ठेवणारे आहेत. त्यांच्या वाफ्यावर फेब्रुवारीपर्यंत पांढरी खपली धरलेली दिसते.

पावसाच्या पाण्यावर भाच्याचा फार भरवसा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्याचा स्लॅब नव्वद चौरस मीटर. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली की अठराशे लिटर, गळती-उडती वजा करून दीड हजार. लातुरात सरासरी आठशेच्या आसपास मिलिमीटर पडतो, म्हणजे स्लॅबवरून पाऊण लाख लिटरच्या घरात पाणी जातं. पण साठवणार कशात? हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवल्या तरी रोजचे चाळीस लिटर धरून पन्नास दिवस. परतीच्या पावसाने भरलेली टाकी नोव्हेंबरअखेर रिकामी. तेव्हा टाकी मे महिन्यासाठी ठेवतोय असं कोणी समजू नये. तिचा खरा उपयोग ऑक्टोबरच्या चटक्यात, जेव्हा हिवाळी रोपं नुकती लावलेली असतात. जास्तीचं पाणी बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडावं. वेलांच्या आळ्यात एक कोरं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर पाझरून दोन-तीन दिवस ओल राहते. बोअरच्या जड पाण्याने त्याची छिद्रं बुजतात, म्हणून मडक्यात पावसाचं पाणी घालावं.

किडीसाठी निंबोळ्या. जून-जुलैत झाडाखाली पडतात, गोळा करून वाळवल्या की वर्षभर पुरतात. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळायचं, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं. वास दोन दिवस राहतो. त्यापलीकडे ७२ फुटांच्या बागेला औषधं लागत नाहीत. हाताने पान तोडून टाकलं तरी भागतं.

वर्षाचं वेळापत्रक सूनबाईने मागितलं. कागदावर कोष्टक करून दिलं असतं, पण ती निलंग्याकडची, तिला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, सांगितलेली जास्त कळते. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला शेतात जी भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांची मिसळ भाजी, होते, तिच्यात घालायला आपल्या घरचं काय काय निघेल, असा मागे हिशेब करत यायचं. वालाचे दाणे हवेत तर वाल पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ताटीवर गेला पाहिजे. कांद्याची पात दीड-दोन महिने आधी, मेथी महिनाभर आधी. तूर आणि हरभरा माहेरच्या शेतातून येईलच. तिने लगेच बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “म्हणजे आत्या, वालाला तर आत्ताच जागा केली पाहिजे.” तिला वाफ्यांचा नकाशा तिथंच पाठ झाला.

एवढं ठरलं आणि प्लंबर आला, तेव्हा खरी अडचण कळली. सिंकचा पाईप, बाथरूमचा पाईप आणि मशीनचा पाईप, तिन्ही भिंतीतून खाली गटाराच्या एकाच चेंबरला जोडायचं त्याने ठरवलं होतं. “सगळ्यांच्या घरी असंच असतंय ताई. वेगळं कशाला?” फरशी बसायच्या आधीचा तो आठवडा होता म्हणून बरं. नंतर हेच काम करायचं म्हणजे ओटा फोडावा लागला असता. सिंकचा पाईप पूर्वेच्या भिंतीतून थेट बाहेर काढला, पुढे एक टी, आणि दोन कॉक: एक वाफ्यांच्या चरीकडे, एक चेंबरकडे. जुलैत झड लागली की बागेकडचा बंद, तळणीची कढई धुवायची असली तरी बंद. प्लंबर दोन्ही कॉक खाली जमिनीलगत बसवायला निघाला, तिथं पाईप सरळ जातो म्हणून. मी त्याला थांबवलं आणि सूनबाईला दाराबाहेर उभं केलं. तिचा हात जिथं सहज पोचला तिथं, कमरेच्या उंचीला, दोन्ही कॉक घेतले. त्यासाठी दोन एल्बो आणि हातभर पाईप जास्त लागला, आणि सिंकचं निचऱ्याचं तोंड त्याहून वर आहे ना, हे त्याने ट्यूब लावून तपासलं. वाकून कॉक फिरवायचा असला तर आठ दिवसांत तो एकाच बाजूला राहतो, आणि ती बाजू चेंबरची असते.